वय लहान म्हणून प्रमोशन नाकारलं, तर कायद्याने दाद मागता येते का?

खाजगी नोकरीत फक्त वयाच्या मुद्द्यावर दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे आणि त्यातल्या धर्म, जात, लिंग वगैरे यादीत वय नाही. अमेरिकेचा १९६७ चा कायदाही ४० आणि त्यापुढच्यांनाच संरक्षण देतो. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा मात्र तरुणांनाही लागू होतो, आणि मला तेच योग्य वाटतं.

मी २६ वर्षांची असताना हिंजवडीतल्या एका कंपनीत माझ्या बाबतीत हेच झालं. दोन वर्षं टीम मीच सांभाळत होते. अप्रेझलला मॅनेजर म्हणाले, "अगं, पस्तिशीची माणसं तुझं कशी ऐकतील?" त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी एचआरला ईमेल केला: या पदाचे निकष काय, मी कुठे कमी पडले, लेखी कळवा. उत्तरात वयाचा उल्लेखही नव्हता! तोंडावर बोलतात ते कागदावर लिहायला कोणी धजत नाही. पुढच्या अप्रेझलला तेच निकष समोर ठेवले आणि पद मिळालं. तुम्हीही आजच असा ईमेल पाठवा, पुढच्या अप्रेझलची वाट बघू नका.