लाँग होज घ्यायचा का, हा नंतरचा प्रश्न

तुमचे प्रश्न तीन आहेत. स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, झालाय, तीसेक डाइव्ह झाल्यात. आता नेहमीचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करावा की डीआयआरवाल्यांचा फंडामेंटल्स? जॅकेट बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) काढून बॅकप्लेट (पाठीवरची धातूची प्लेट), विंग (तिच्यावरची हवेची पिशवी) आणि लाँग होज (रेग्युलेटरची लांब नळी) घ्यावा का? आणि ही डीआयआरवाली मंडळी इतकी फटकळ का?

फटकळपणापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या मुळाशी गेलं की उरलेले दोन प्रश्न सोपे होतात. डीआयआर, म्हणजे 'डुइंग इट राइट', ही पद्धत उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये घडली. तिथे डोक्यावर खडक असतो, अडचण आली म्हणून सरळ वर येता येत नाही. गुहांमध्ये डाइव्ह करणारे शेक एक्स्ली यांनी १९७० च्या दशकात गुहांमधल्या मृत्यूंची चिकित्सा करून काही नियम मांडले: बाहेरपर्यंत सलग दोरी, आत जायला फक्त एक तृतीयांश गॅस, खोलीची मर्यादा. पुढे बिल होगार्थ मेन यांनी 'लागत नाही ते अंगावर नको' ही मांडणी रूढ केली. फ्लोरिडातल्या गुहा धुंडाळणाऱ्या वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्टमध्ये जॉर्ज अर्विन आणि जॅरड जब्लॉन्स्की यांनी ती संपूर्ण टीमला सक्तीची केली आणि १९९८ मध्ये जब्लॉन्स्कींनी जीयूई ही प्रशिक्षण संस्था काढली; फंडामेंटल्स हा तिचाच कोर्स. मिट्ट अंधारात दुसऱ्याच्या अंगावरचा व्हॉल्व्ह चाचपून शोधायचा असेल, तर तो प्रत्येकाच्या अंगावर एकाच जागी असायला हवा. त्या कामात 'मला असं आवडतं' याला जागा नव्हती. घोळ झाला तो नंतर, गुहेतली शिस्त इंटरनेटवर आली तेव्हा. वेगळी मांडणी वापरणाऱ्याला 'स्ट्रोक' म्हणून हिणवायची पद्धत तेव्हाची, आणि तो सूर काहींच्या गळ्यात अजून आहे. सूर सोडून द्या. पण मागचं कारण विचारा, आणि ते सांगता येत नसेल तर समोरच्याने नुसती पाठांतरं केलीत असं समजा.

आता कोर्स. 'अ‍ॅडव्हान्स्ड' या शब्दाने फसू नका. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या त्या कोर्समध्ये पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि दिशाज्ञान सक्तीचं, बाकी तीन आवडीच्या. उपयोग आहे, पण ती ओळख-परेड आहे. फंडामेंटल्स तुम्हाला आणखी खोल नेत नाही. तिथे त्याच सहा-दहा मीटरवर आडवं स्थिर राहणं, गॅस देणं-घेणं, मार्कर बॉय (वर आपली जागा दाखवणारा फुगा) सोडणं हे व्हिडिओ काढून दाखवतात, आणि पैसे भरले म्हणजे पास हे गृहीत नसतं. ज्याला जमतं त्याने जरूर करावा. पण एजन्सीपेक्षा शिक्षक महत्त्वाचा, आणि त्याची पारख एका प्रश्नात होते: विद्यार्थ्यांना तळावर गुडघे टेकवून शिकवता की तरंगत?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. गुडघ्यावर बसवायचं तर विद्यार्थी हलता कामा नये, म्हणून गरजेपेक्षा तीन-चार किलो जास्त शिसं बांधलं जातं. तेच वजन पुढे वर्षानुवर्षं कमरेला राहतं. पाच किलो जादा असतील तर ते पेलायला बीसीडीत पाच लिटर जादा हवा लागते. दहा मीटरवरून पाच मीटरवर येताना दाब २ बारवरून १.५ बारवर येतो, आणि त्या पाच लिटरचे ६.७ लिटर होतात. म्हणजे काही न करता पावणेदोन किलोचा उचल-धक्का. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना पाच मीटरच्या आसपास घ्यायच्या थांब्याला, वर उसळणाऱ्यांपैकी बरेच जण 'बॉयन्सी (तरंगण्याचा तोल) जमत नाही' म्हणतात. दुखणं असतं शिशाचं. मास्क साफ करण्याचंही तसंच: गुडघ्यावर शिकलेला माणूस छाती भरून श्वास रोखतो आणि मान मागे टाकतो. तळावर ते खपून जातं, मधल्या पाण्यात तोच माणूस दोन मीटर वर गेलेला असतो.

वजन तपासायची रीत: डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार दाब उरला असताना, तीन ते पाच मीटरवर, बीसीडी पूर्ण रिकामी करून शांत श्वास घेत थांबता आलं पाहिजे. सुरुवातीला भरल्या सिलिंडरवर तपासलंत तर अंदाज चुकतो. नेहमीच्या ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधल्या हवेचं वजनच अडीच किलोच्या वर असतं. भरलेला असताना तो किंचित बुडतो आणि रिकामा झाला की सुमारे दोन किलोने तरंगतो.

बॅकप्लेटचा खरा फायदा इथे कळतो. स्टीलची प्लेट साधारण अडीच-तीन किलोची असते, तेवढं शिसं कमरेवरून पाठीवर जातं आणि पाय खाली लोंबणं कमी होतं. एका सिलिंडरला १३ ते १८ किलो उचल देणारी विंग पुरते. जोडसिलिंडरसाठीची मोठी विंग एकावर लावली तर कडा वर वळून हवा अडकते. पातळ सूट घालणाऱ्याला स्टील प्लेट आणि स्टील सिलिंडर एकत्र जड होऊ शकतात. वजनपट्टा नसला तर आणीबाणीत टाकायला काही उरत नाही, हेही बघा. जॅकेट बीसीडी मात्र लगेच विकू नका. वजन बरोबर असेल आणि थोडं शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावर सरकवलंत तर त्यातही आडवं राहता येतं. शिकायच्या आधी प्लेट विकत घेणं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. फिनबद्दल एवढंच: फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) आणि मागे सरकणं शिकायचंय तर आखूड, कडक पात्याचे घ्या, दुभंगलेल्या पात्याचे नकोत.

लाँग होजची लांबी २.१ मीटर का? अरुंद बोगद्यातून एकामागे एक बाहेर येता यावं म्हणून. उघड्या समुद्रात दीड मीटरचा, बगलेखालून आणलेला होज पुरतो. यातलं मोलाचं तत्त्व लांबीचं नाहीच. तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) अडचणीतल्याला द्यायचा आणि स्वतः हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवलेला बॅकअप घ्यायचा, हे ते तत्त्व. घाबरलेला माणूस बहुधा समोरच्याच्या तोंडातलाच ओढतो, आणि तो चालू आहे हे नक्की माहीत असतं; बाजूला लोंबणाऱ्या ऑक्टोपसमध्ये, म्हणजे जादा रेग्युलेटरमध्ये, वाळू गेली आहे का ते कोणी पाहिलेलं नसतं. चूक होते ती होज अंगावर घेताना: इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायची नळी) किंवा टॉर्चची दोरी लाँग होजच्या वरून गेली तर द्यायच्या क्षणी तो अडकतो. म्हणून पाण्यात उतरल्यावर प्रत्येक डाइव्हला एकदा पूर्ण सोडून बघायचा. बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, ऑक्टोपसवाला असेल तर 'मी तोंडातला देणार' हे बोटीवरच सांगा आणि एकदा करून दाखवा.

या सगळ्या पद्धतीतून एकच गोष्ट उचलायची झाली तर गॅसचा हिशेब उचला. त्याला एक पैसाही लागत नाही. '५० बार उरले की वर' हा नियम उथळ पाण्यात चालतो. ३० मीटरवर बडीचा गॅस संपला असं धरा. घाबरलेला प्रत्येक जण पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर, दोघे मिळून ४०. सावरायला एक मिनिट, ४ बार दाबाला: १६० लिटर. मग थांब्यासकट सरासरी मिनिटाला तीन मीटर वेगाने वर, म्हणजे दहा मिनिटं, सरासरी दाब २.५ बार: १००० लिटर. एकूण ११६०. ११.१ लिटरच्या सिलिंडरात हे होतात १०५ बार. ५० बारमध्ये असतात ५५५ लिटर. म्हणजे ३० मीटरवरून परत फिरायचा आकडा शंभरच्या वर आहे, आणि दोघांपैकी कोणाचाही गेज तिथे आला की डाइव्ह संपली. एकट्याने डाइव्ह करणाऱ्यांच्या तत्त्वज्ञानालाही हाच हिशेब लावा: २०० बारची तीन लिटरची पोनी बाटली (जादा छोटा सिलिंडर) ६०० लिटर देते आणि ३० मीटरवरून एकाला वर आणते, हातात मावणारी ८५ लिटरची छोटी बाटली तिथे शांत माणसालाही जेमतेम मिनिटभर पुरते.

आणि बडी-चेकमध्ये नुसतं गेज वाचू नका. गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह जेमतेम उघडा आहे. वर हवा नीट येईल, २० मीटरवर येणार नाही. तो पूर्ण उघडा.