तयारीची यादी करण्याआधी आपल्या गावाचा दिनविशेष पाहावा

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने संकटकाळासाठी घरात काय ठेवावे, ही पहिली. आणि चाकू, होकायंत्र, चकमक, दोरी असे साहित्य असलेले तयार 'सर्व्हायव्हल किट' विकत घ्यावे का, ही दुसरी. त्याबरोबर आपण असेही लिहिले आहे की आईवडील महाड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी राहतात, आणि २६ जुलै किंवा ३० सप्टेंबर असा एखादा दिनविशेष वर्तमानपत्रात दिसला की ही काळजी जागी होते, मग आठवडाभरात मागे पडते. माझे उत्तर मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण यादी करण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग त्या तारखांमध्येच आहे.

तयार किटाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जंगलात वाट चुकलेल्या एकट्या माणसासाठी ते बनवलेले असते. आपल्याकडच्या मोठ्या आपत्तींमध्ये माणसे जंगलात सापडली नाहीत; ती स्वतःच्या घरात, अंथरुणात, कचेरीतून घरी परतताना रस्त्यात, नाहीतर मोटारीत सापडली. तेवढ्या पैशांत दोन चांगले पाण्याचे कॅन, एक टॉर्च, एक बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि औषधांचा डबा येतो.

आपण पुण्यात आहात, म्हणून आधी १२ जुलै १९६१ घेऊ. आंबी नदीवरच्या पानशेत धरणाचे काम तेव्हा पुरते झालेले नव्हते. मातीचे धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, त्यामुळे ते रात्री न फुटता दिवसा फुटले आणि असंख्य पुणेकर वाचले. ते पाणी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासल्याच्या धरणावर येऊन आदळले, तेही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये माणसे, वाडे, दुकाने वाहून गेली. हे सारे आपल्याला ठाऊक असणार. तयारीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र पूर ओसरल्यानंतरचा आहे, आणि त्याची आठवण कमी काढली जाते. शहराला पिण्याचे पाणी खडकवासल्यातून येत होते. धरणच गेल्यामुळे, ज्या शहरातून इतके पाणी वाहून गेले त्याच शहराचे नळ कोरडे पडले. वाड्यांतल्या ज्या विहिरी नळ आल्यावर दुर्लक्षित झाल्या होत्या, त्यांवर पुन्हा कळशा आणि दोर दिसू लागले. पाण्याच्या आपत्तीत पहिली टंचाई पिण्याच्या पाण्याचीच होते, हा पानशेतचा धडा आहे, आणि आज तो अधिकच लागू पडतो, कारण आपल्या इमारतीत विहीर नाही आणि वीज गेली की पंप बंद पडून वरच्या टाकीत पाणी चढत नाही.

हिशेब सोपा आहे. पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ३ लिटर धरले, तर चौघांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागतात, म्हणजे २० लिटरचे दोन कॅन. ते उन्हात किंवा रॉकेल, फिनेल यांच्याशेजारी ठेवू नयेत. भरल्याची तारीख कागदावर लिहून चिकटवावी. दोन-तीन महिन्यांनी ते पाणी भांडी घासायला वापरून कॅन पुन्हा भरावेत. शौचाला आणि धुण्याला लागणारे पाणी वेगळे; जोरदार पावसाचा इशारा आला की त्यासाठी बादल्या, पिंप, टब जे असेल ते भरून घ्यावे. शंका असलेले पाणी गाळून खळखळून उकळावे. गॅस नसेल तर क्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे; गढूळ पाण्यात क्लोरिन नीट काम करत नाही, त्यामुळे आधी पाणी निवळू देऊन दुपदरी फडक्याने गाळणे टाळू नये. जुलाब सुरू झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण औषधांच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे. त्या घाईत ते नेमके आठवत नाही.

दुसरी तारीख २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला उपनगरात काय चालले आहे याची कल्पना येणे शक्यच नव्हते, आणि असे हजारो लोक नेहमीच्या वेळी घरी जायला निघाले. मोबाइल बंद पडले, लोकल ठप्प झाल्या, माणसे रुळांवरून रात्रभर चालत राहिली, आणि काहींचा मोटारीत गुदमरून मृत्यू झाला, कारण पाण्याने दार उघडेना आणि विजेवर चालणाऱ्या काचा खाली येईनात. म्हणजे घरात कितीही सामान ठेवले तरी आपण त्या वेळी घरात असूच असे नाही. कचेरीच्या खणात पाण्याची एक बाटली, चिक्की, टॉर्च, शिट्टी, रोजच्या गोळ्यांचा दोन दिवसांचा साठा आणि चार महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. मुलांना आईवडिलांपैकी एकाचा तरी क्रमांक तोंडपाठ हवा. आज त्यात रोख पैशांची भर घालावी लागेल: नेटवर्क पडले की क्यूआर कोड हा नुसता कागद उरतो, आणि पाचशेच्या नोटेची मोड कोणी देत नाही, म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटा. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप) साथ आली होती. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.

आता ३० सप्टेंबर १९९३. येथे सामानाची यादी जवळजवळ निरुपयोगी ठरते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने मराठवाड्यातली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. सुमारे ८ हजार माणसे गेली. भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता, ६.२ च्या आसपासचा. जीव घेतला तो घरांनी. दगडामातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर हादऱ्याला दुभंगले आणि माळवद खाली आले. आपण काँक्रिटच्या इमारतीत राहता, त्यामुळे आपला प्रश्न वेगळा आहे: रात्री आपण ज्या जागी झोपतो, तिथे डोक्यावर काय आहे? आज रात्री पलंगावर आडवे होऊन वर पाहावे. उघडी फळी, त्यावरच्या बॅगा, काचेची तसबीर, भिंतीला न जोडलेले पोलादी कपाट. कपाट वरच्या बाजूने लोखंडी पट्टी आणि दोन स्क्रूंनी भिंतीला जखडून घ्यायला सुताराला अर्धा तास लागतो. उशाशी टॉर्च आणि पलंगाखाली चपला ठेवाव्यात, कारण फुटलेल्या काचांवरून अंधारात अनवाणी बाहेर पडता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्काही पहाटेच, साडेचारच्या सुमारास आला होता, आणि तो पुण्यातही जाणवला होता.

येथे स्वतःची एक फजिती सांगतो. मी सांगलीत राहतो, तळमजल्यावर. अशा तयारीची मला पहिल्यापासून आवड असल्याने माझ्याकडे एक भरलेली लोखंडी ट्रंक होती, आणि ती पलंगाखाली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढू लागली. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. आकडा त्यापुढे गेला तरी आमच्या गल्लीत एकच वाक्य ऐकू येत होते, की २००५ साली पाणी त्या कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतच आले होते. खांबावर रंगाने मारलेली खूण होती, तीच आम्ही वेस मानली. पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि आठ-नऊ दिवसांनी परतलो. पलंगाखालून ट्रंक ओढली तर ती हलेना, कारण ती गाळाने काठोकाठ भरली होती. त्या गाळाला आपण काय दोष देणार? टॉर्च उघडला, तर आतले सेल पुराच्या कितीतरी आधीच फुटलेले होते. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढला होता. ओआरएसच्या पुड्यांची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. म्हणजे पूर आला नसता तरी ती ट्रंक कामाची नव्हतीच, आणि ती भरल्यापासून मी एकदाही उघडली नव्हती, हे मला त्या दिवशी कळले.

यातून दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. जागेची पहिली: ज्या संकटासाठी सामान ठेवायचे, ते संकट जिथे पोहोचणार नाही तिथे ते ठेवावे; आता ते माळ्यावर, पाठीवर घेता येईल अशा पिशवीत असते. दुसरी त्या खांबावरच्या खुणेची. जुन्या पुराची खूण म्हणजे पाणी निदान इथवर येते याचा पुरावा आहे, याच्यापुढे येत नाही याची हमी नव्हे. दिनविशेषाचा हा धोका मला त्याच्या उपयोगाइतकाच मोठा वाटतो.

तारखेला तयारी जोडण्याची रीत जपानने चांगली बसवली आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी १२ ला दोन मिनिटे असताना तोक्यो-योकोहामा भागात भूकंप झाला. दुपारच्या जेवणासाठी घरोघरी चुली पेटलेल्या असल्याने जागोजाग आगी लागल्या आणि १ लाखाहून अधिक लोक मरण पावले, त्यांतले बहुसंख्य आगीत. १९५९ च्या मोठ्या वादळानंतर, १९६० पासून, हा दिवस तेथे आपत्ती प्रतिबंधक दिन म्हणून पाळला जातो. शाळा-कचेऱ्यांत सराव होतात आणि अनेक घरांत संकटकाळची पिशवी उघडून तपासली जाते. मेक्सिकोत १९८५ च्या भूकंपाची तारीख १९ सप्टेंबर. २०१७ साली त्याच दिवशी सकाळी ११ वाजता सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा भूकंप आला. २०२२ मध्येही १९ सप्टेंबरला सराव संपून तास उलटायच्या आत जमीन हादरली. यावरून तारखांना काही गूढ अर्थ लावणाऱ्यांची तेथेही कमतरता नाही. तो योगायोग आहे. पण बाहेर पडण्याचा जिना कोणता, हे त्या दिवशी लोकांना नुकतेच आठवलेले होते.

आपल्याकडे मात्र तारीख जशीच्या तशी घेऊन चालत नाही. २६ जुलैला पुराची पिशवी भरणे म्हणजे पावसाळा अर्धा सरल्यावर छत्री घेणे होय. त्यासाठी आपली आगोटीची जुनी रीतच बरोबर आहे. मृग लागण्याआधी कौले शाकारायची, सरपण आत घ्यायचे, मीठ-मिरचीची बेगमी करायची, तशीच मे महिन्याच्या शेवटी ही पिशवी उघडावी. शेंगदाणे चाखून पाहावेत, खवट असतील तर बदलावेत. पोहे, चुरमुरे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू यांतले जे घरात रोज खाल्ले जाते तेच ठेवावे, म्हणजे जुने संपवणे सोपे जाते. पोह्यांना चूलही लागत नाही. कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालाव्यात. भूकंपाची तपासणी, म्हणजे कपाटे, फळ्या, गॅसची नळी, ३० सप्टेंबरला करावी. तिला ऋतू नाही, त्यामुळे तारीख चालते. कॅनमधले पाणी १२ जुलैला बदलावे, आणि तिथून पुढे दर दोन-तीन महिन्यांनी.

आईवडिलांचे राहिले, आणि आपल्या प्रश्नातला तातडीचा भाग तोच आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली, आणि तेथे गाव उरलेले नाही हे प्रथम एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. २२ जुलै २०२१ ला आपल्या आईवडिलांच्याच तालुक्यातले तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. या तारखा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात गर्दी करतात, कारण तोवर डोंगराची माती पाण्याने पुरती भरलेली असते आणि त्यावर एखादी अतिवृष्टी पुरते. दरडीपुढे कोणतीही पिशवी उपयोगाची नाही. वेळेत निघणे एवढीच तयारी. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवीन जागी पाणी फुटणे, घरामागच्या उतारावर भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मात्र कधी कधी यांतले काहीच दिसत नाही, म्हणून जोराच्या पावसाचा लाल इशारा असेल त्या रात्री त्यांनी उतारापासून दूर, नातेवाइकांकडे किंवा शाळेत झोपावे, हे आत्ताच ठरवून ठेवावे. कोणाच्या घरी, कोणत्या वाटेने, आणि गुरे सोडायची की बांधायची, हेही. वडील गोठा सोडून निघायला तयार होणार नाहीत असे गृहीत धरून बोलणे सुरू करावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्यांच्या फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. ११२ त्यांना पाठ असेलच.

आणि टॉर्चमधले सेल काढून, कागदात गुंडाळून, टॉर्चच्या शेजारीच ठेवावेत. आत ठेवले की ते फुटतात.