‘मला पटत नाही’ आणि ‘आमचं पटत नाही’

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत, मराठवाड्यातल्या अनेक गावांच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. त्यांच्याही गावच्या ग्रामसभेत तसा ठराव आला. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आरक्षणाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, पण गावबंदी मला पटत नाही. पुढाऱ्याला गावात येऊ द्या, पारावर बसवा आणि सगळ्यांसमोर जाब विचारा.’ परवा त्या सभेच्या प्रोसिडिंगची नक्कल त्यांच्या हाती आली. त्यात लिहिलं होतं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर. सौ. अमुक यांनी विरोध केला.’ ताई विचारतात, ‘मी केलं त्याला विरोध म्हणायचं का? नसेल, तर मराठीत त्याला शब्द काय? मतभेद म्हटलं की लोकांना भांडण वाटतं आणि असहमती हिंदी वाटते.’

ताई, आधी तुम्ही उतरवून पाठवलेल्या त्या ओळीबद्दल बोलतो. ‘सर्वानुमते’ आणि ‘विरोध केला’ ही दोन विधानं शेजारी शेजारी उभी राहूच शकत नाहीत. एकानं जरी विरोध केला असेल तर सर्वांचं अनुमत कुठून आलं? मंजुरीचा शब्द सवयीनं आधीच लिहून ठेवलेला असतो आणि सभेत काय घडलं ते नंतर येतं. यातला एक बारकावा फार कामाचा आहे. ‘एकमताने’ म्हणजे सगळ्यांचं मत एकच होतं. ‘सर्वानुमते’ म्हणजे सगळ्यांनी संमती दिली. मत वेगळं असूनही माणूस संमती देऊ शकतो: ‘मला पटलेलं नाही, पण गाव ठरवतंय तर मी आड येत नाही.’ आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो, त्यामुळे मत वेगळं ठेवून सोबत राहणारा माणूस कागदावर दिसेनासा होतो.

आता ‘विरोध’. हा शब्द ‘रुध्’ या धातूपासून आला. रुध् म्हणजे अडवणं, कोंडणं. अवरोध, निरोध, प्रतिरोध ही सगळी त्याच घरातली भावंडं. विरोध करणारा वाटेत उभा राहतो. शब्द वाईट नाही, आणि जिथे तो हवा तिथे दुसरा चालतही नाही. रझाकारांशी मराठवाडा लढला त्याला कुणी ‘भिन्न मत’ म्हणणार नाही. पण तुम्ही वाट अडवली नव्हती, दुसरी वाट दाखवली होती. शिवाय विरोधाला नेहमी एक कर्म लागतं. विरोध कशाला? ते लिहिलं नाही की वाचणारा आपल्या मनानं भरतो. तुमची ओळ वाचून कुणीही समजेल की या बाईंचा आरक्षणालाच विरोध होता. चार अक्षरं गाळली आणि तुमची बाजूच उलटी झाली. तुम्हाला वाईट वाटलं ते अगदी रास्त आहे.

बाकीचे शब्द भराभर पाहू. ‘असहमती’ मराठीत आता रुळला आहे, तो टाकायचं कारण नाही. ‘मतभेद’ खरं तर स्वच्छ शब्द आहे, पण वर्तमानपत्रांनी तो पक्षातल्या भांडणांसाठी इतका वापरला की त्याला धुराचा वास लागला. ‘दुमत’ हा माझा आवडता. लहान, घरगुती, अस्सल. पण त्याची अवस्था पाहा: ‘याबद्दल दुमत नाही’, ‘यात दुमत असण्याचं कारण नाही’. तो आपण फक्त नाकारण्यासाठी बोलावतो. ‘माझं दुमत आहे’ असं कुणी म्हणताना तुम्ही ऐकलंय? मीही नाही.

फारसीच्या वाटेनं आलेले अरबी शब्द तर आपल्या भागात रोजच्या तोंडी आहेत. ‘हुज्जत’ म्हणजे मुळात पुरावा, युक्तिवाद. मराठीत आली आणि उगाच घालायची गोष्ट झाली. ‘तक्रार’ म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा सांगणं. ‘हरकत’ म्हणजे हालचाल. आपल्याकडे तिचा अर्थ आडकाठी झाला, तरी ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ या सरकारी वाक्यात तिला अजून मान आहे. सूचना आणि हरकत तिथे एका ओळीत, जोडीनं बसतात.

खरी अडचण मतापेक्षा माणसाच्या नावाची आहे. मान डोलावणाऱ्याला मराठीत ‘होयबा’ म्हणतात, ‘नंदीबैल’ म्हणतात. ही नावं चांगली नाहीतच. पण वेगळं बोलणाऱ्याला काय म्हणतात? आडमुठा, फाटे फोडणारा, काड्या करणारा, कीस काढणारा, विघ्नसंतोषी. बाई असेल तर ‘कशाला फाटे फोडायलीस?’ हे वाक्य तिनं सभेआधी घरातच ऐकलेलं असतं. प्रामाणिकपणे वेगळं मत मांडणाऱ्या माणसाला आपल्या रोजच्या बोलीत एकही आदराचं नाव नाही. ही उणीव मला खरोखर टोचते, कारण ज्याला नाव नाही त्याला सभेत जागाही मिळत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केलं त्यात अशा माणसांना नावं घेऊन जागा दिली आहे. मसुद्यावर सतत हरकती घेणाऱ्या सदस्यांचा, कामथ आणि पंजाबराव देशमुख यांच्यासारख्यांचा, त्यांनी उल्लेख केला. सगळेच पक्षाच्या शिस्तीपुढे वाकले असते तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असंही ते म्हणाले आणि त्यांचे आभार मानले. ज्यांनी मसुदा लिहिला त्यांनीच मसुद्याला नावं ठेवणाऱ्यांचे आभार मानले, तेही सभेच्या कामकाजात नोंद होईल असे.

आणखी मागे जाऊ, आपल्याच गोदाकाठी. पैठणजवळच्या आपेगावात जन्मलेल्या ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेवर टीका, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितली. तिच्या आरंभी गणेशाचं रूपक आहे. सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरा, हे त्या गणेशाचे हात, आणि पुढे ओळ येते: ‘म्हणौनि विसंवादे धरिती । आयुधें हातीं’. दर्शनांचं आपसात जुळत नाही म्हणून प्रत्येक हातात आयुध वेगळं. तर्काचा परशू, न्यायाचा अंकुश, वेदांताचा मोदक. एका हातात मोडलेला दात आहे, तो खंडन झालेल्या बौद्धमताची खूण. ज्याचं खंडन झालं असं मानलं तेही मत देवाच्या हातातून खाली ठेवलेलं नाही! थोडं पुढे मुखातला धड दात येतो. तो ‘संवादु’, आणि समता हा त्याचा शुभ्र रंग. आज ‘विसंवाद’ म्हटलं की आपल्याला बापलेकांतला अबोला आठवतो, नवराबायकोचं बिनसलेलं आठवतं. सातशे वर्षांपूर्वी या शब्दात अबोला नव्हता. वेगवेगळे हात होते आणि धड एकच होतं. हा अर्थ परत आणता आला तर ‘विसंवाद’ तुमच्या प्रश्नाचं सुंदर उत्तर ठरेल. पण आज तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला तर वाचणारा चुकेल, म्हणून तुम्हाला तो सुचवत नाही.

मग काय सुचवू? ताई, तुमचा शब्द तुम्ही सभेत आधीच बोलून दाखवला आहे: ‘मला पटत नाही.’

‘पटणे’ या क्रियापदावर मराठीनं किती विश्वास ठेवलाय ते पाहा. ओळख पटते, खूण पटते, सावकारीच्या काळात हुंडी पटायची. दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या, एकीचा दुसरीशी मेळ बसला की पटलं. आता वाक्याची बांधणी बघा. ‘मी विरोध केला’ यात कर्ता मी. ‘मला गावबंदी पटली नाही’ यात मी ‘ला’ लावून बाजूला बसलोय, आणि क्रियापद गावबंदीशी जुळवून घेतंय. विचार पटला नाही, कल्पना पटली नाही, म्हणणं पटलं नाही. पटण्याची जबाबदारी व्याकरणानं मुद्द्यावर टाकली आहे. मांडणाऱ्यावर नाही आणि ऐकणाऱ्यावरही नाही. समोरच्याला धक्का न लावता त्याचं म्हणणं बाजूला ठेवायची याहून सभ्य सोय मला तरी माहीत नाही.

आता तेच क्रियापद घेऊन फक्त विभक्ती बदला: ‘आमचं पटत नाही.’ ‘मला’ गेलं, ‘आमचं’ आलं, आणि मुद्दा वाक्यातून पार नाहीसा झाला. उरली फक्त माणसं. फरक ओळखायची खूण सोपी आहे. ‘मला पटत नाही’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, ‘काय पटत नाही?’ ‘आमचं पटत नाही’ म्हटलं की तो विचारतो, ‘कुणाशी?’ तुमच्या ग्रामसभेत तुम्ही पहिलं वाक्य बोललात, गावानं दुसरं ऐकलं. ‘काय पटत नाही?’ असं कुणी विचारलं नाही. ‘ह्या कुणाकडच्या?’ एवढंच विचारलं गेलं असणार. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आरक्षण असो, निवडणूक असो, जात असो, पहिल्या वाक्याचं दुसरं व्हायला एक रात्रही लागत नाही. सकाळी मत वेगळं असतं, संध्याकाळी चहाचं हॉटेल वेगळं होतं.

परभणीकडच्या बोलण्यात तर याहून नाजूक रूप आहे: ‘मला काई पटंना.’ प्रमाण मराठीत ‘पटेना’. ‘दार उघडेना’, ‘झोप येईना’ म्हणताना खटपट चालू असते. दार ढकलणं थांबवलेलं नसतं. ‘पटत नाही’ हा निकाल झाला. ‘पटंना’ म्हणजे तुझं म्हणणं मी ऐकलं, मनाला लावून पाहिलं, अजून बसत नाही, तू आणखी सांग. बाहेरचे लोक ज्या बोलीला रांगडी म्हणतात तिच्यात वाद चालू ठेवायची इतकी कोमल तरतूद आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मात्र प्रत्येक गोष्टीला ‘मत’ हा शब्द लावू देऊ नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. नावाबद्दल तेव्हा दोन मतं होती, आणि मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामातून आलेल्या नामवंतांचंही त्यावर एकमत नव्हतं. आपापलं म्हणणं त्यांनी सभांतून, लेखांतून मांडलं. ते मत होतं. पण गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली, ते मत नव्हतं, दुमतही नव्हतं. त्याला ‘नामांतराला विरोध’ एवढंच लिहिणं म्हणजे जाळपोळीला वादाच्या पंक्तीत बसवणं. तो गुन्हा होता, आणि तसाच लिहायला हवा. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, जे झालं त्याला ‘नामविस्तार’ म्हटलं गेलं: बाबासाहेबांचं नाव आलं आणि ‘मराठवाडा’ही राहिलं. ‘अंतर’ या शब्दाच्या जागी ‘विस्तार’ आला. हा शब्द काहींना तडजोड वाटला, काहींना अपुरा वाटला, आणि त्यांचं ते म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. पण शब्द बदलल्यानं वाट निघते याचं उदाहरण आपल्याला दूर शोधावं लागत नाही.

आता कागदाचं. बोलण्यात ‘पटत नाही’, लेखी नोंदीत ‘भिन्न मत’. समितीच्या अहवालाशी एखादा सदस्य सहमत नसेल तर तो ‘भिन्नमतपत्रिका’ जोडतो. कारभाराच्या मराठीतला हा रुळलेला शब्द आहे. अहवालही राहतो, त्याला जोडलेली पत्रिकाही राहते, आणि पुढे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. ग्रामसभेलाही तो चालायला काहीच हरकत नाही. एक लक्षात ठेवा, भिन्न मत ‘केलं’ जात नाही, ‘नोंदवलं’ जातं. आणि कारणाशिवाय ते नोंदवू नये, नाहीतर पुन्हा ‘कुणाशी?’ एवढंच उरेल.

तुमची नोंद अशी हवी होती: ‘गावबंदीचा ठराव बहुमताने मंजूर. सौ. अमुक यांनी भिन्न मत नोंदवले. आरक्षणाच्या मागणीस त्यांचा पाठिंबा आहे. परंतु पुढाऱ्यांना गावात येऊ देऊन ग्रामस्थांसमक्ष जाब विचारावा, असे त्यांचे म्हणणे आहे.’

जुनी ओळ आता खोडता येणार नाही, आणि खोडूही नये. पण पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ असं लिहिलेलं असेल. त्या वेळी वरचा मजकूर लेखी द्या, वाचून दाखवा आणि त्याची पोच घ्या. कुणी म्हणालं की एवढ्या जुन्या शब्दासाठी आता कशाला, तर त्यांना सांगा, मला ते अजून पटंना.