वाचकांचे प्रश्न : जयंतीनंतरचे काम

प्रश्न : अमेरिकेत दर जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सुट्टी असते, त्यांचे पुतळे आहेत, रस्त्यांना त्यांचे नाव आहे. नागरी हक्कांसाठी लढलेल्यांचा वारसा एवढ्याने जपला जातो का? त्यांचे काम पुढे चालवायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

उत्तर : सुट्टीला कमी लेखू नये, कारण तीही झगडूनच मिळाली आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली आणि चारच दिवसांनी प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन कॉन्यर्स यांनी सुट्टीचे विधेयक मांडले. त्याचा कायदा व्हायला १९८३ साल उजाडले. मात्र दरवर्षी किंग यांच्या १९६३ च्या ‘आय हॅव अ ड्रीम’ भाषणातल्या चार ओळी ऐकवून थांबले, की हा लढा एकट्या वक्त्याने जिंकला असा समज होतो, आणि माझा आक्षेप त्याला आहे.

साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंडचे उदाहरण पाहा. तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या कृष्णवर्णीयांना राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि ज्यांना धड शाळाच मिळाली नव्हती त्यांना या अटीवर परत पाठवले जाई. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिला, म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली होती. त्यांच्या पुढाकाराने जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला त्यांनी मुद्दामच पेशाने शिक्षिका नसलेल्या, केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना आणले. रॉबिन्सन यांनी आधी लोकांनाच विचारले, की तुम्हाला काय शिकायचे आहे. मग पुठ्ठ्यावर लिहिलेले स्वतःचे नाव गिरवणे, मनीऑर्डरचा फॉर्म भरणे असे करत वर्ग राज्यघटनेपर्यंत पोहोचला. पुढे असे वर्ग दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत निघाले. चळवळीचा कणा मला या खोलीत दिसतो.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने अशा परीक्षांना आळा घातला आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे बंधनकारक केले. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही राज्ये ठरवण्याचे सूत्रच रद्द केले, त्यामुळे संमतीची अट कागदावरच राहिली. टेक्ससने तर तोवर अडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा त्याच दिवशी लागू झाल्याचे जाहीर केले. ती अट पुन्हा जिवंत करणारे, जॉन लुइस यांच्या नावाचे विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले. १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मा इथल्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात पोलिसांनी ज्यांची कवटी फोडली, तेच हे लुइस.

तेव्हा अमेरिकेतल्या नागरिकापुढे काम उघड आहे. मतदान केंद्र कुठे असावे, याद्यांतून कोणाची नावे वगळावीत, असे निर्णय बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या, पातळीवर होतात. तिथल्या निवडणूक मंडळाच्या बैठकांना जावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे यादीत आहेत का ते मतदानाच्या बरेच आधी तपासावे, नाव गळालेल्याला कागदपत्रे जमवायला मदत करावी, आणि लुइस यांच्या स्मृतीला वंदन करणाऱ्या आपल्या सिनेटरला त्यांच्या नावाच्या विधेयकावर तो मत कसे देणार, हे लेखी विचारावे.