दहा किलोमीटरच्या पल्ल्याविषयी

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नोकरी लागल्याचा आनंद दोन ओळींत आणि कुरकुर दोन पानं! ५० वॉटचा ट्रान्समीटर, जेमतेम दहा किलोमीटरचा पल्ला, एवढ्याशा सामुदायिक रेडिओवर बोललेलं ऐकणार कोण, वगैरे. ‘रेंज’ हा शब्द तू सहा वेळा लिहिला आहेस. मोजले मी. म्हणून म्हटलं, तुला सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, रेडिओची गोष्ट सांगावी.

आमच्या घरी वाल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तो तापायला अर्धा मिनिट घ्यायचा, मग हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. माळ्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलेली. सकाळी २५ मीटरच्या लघुलहरी पट्ट्यावर काटा आणायचं काम माझ्याकडे. कोलंबोहून येणारा आवाज भरतीसारखा चढायचा, ओसरायचा, मध्येच नुसती खरखर. आठाच्या आधी सैगलचं गाणं लागलं, की वडील गालावरचा साबण पुसत ‘चला, उशीर झाला’ म्हणून उठायचे. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते मागे पडायचं. सैगल कधी मागे पडला नाही.

तर सिलोन हा देश आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडा मोठा. तिथला रेडिओ सुरू झाला तो तारखात्याच्या एका खोलीत. एडवर्ड हार्पर नावाचे मुख्य अभियंता होते. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन पाणबुडीतली बिनतारी सामग्री त्यांच्या हाताखालच्या लोकांनी जुळवली आणि त्यावरून ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून पाहिल्या. १६ डिसेंबर १९२५ रोजी ‘कोलंबो रेडिओ’ रीतसर सुरू झाला. बीबीसी तेव्हा तीन वर्षांची होती. भंगारातून उभं राहिलेलं केंद्र, बरं का! तुझ्याकडे निदान नवा मिक्सर तरी आहे.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशियातल्या फौजांसाठी बेटावर ‘रेडिओ सिॲक’ आला. त्याच्यासाठी १०० किलोवॉटचा लघुलहरी ट्रान्समीटर उभारला. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, यंत्रं राहिली. १९४९ मध्ये ती सिलोन सरकारच्या हाती आली. आता तुझ्या हिशेबाने गोष्ट इथेच संपायला हवी, कारण एवढी रेंज मिळाल्यावर आणखी काय हवं? पण १०० किलोवॉटवरून कोणाशी आणि काय बोलायचं, हे यंत्र सांगत नाही.

ते उत्तर, गंमत बघ, दिल्लीतून मिळालं. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. सिनेसंगीताने कान बिघडतात असं त्यांचं मत. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आधी कमी झाली, मग निर्मात्यांशी वाद होऊन जवळजवळ बंदच पडली. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आधार मोठा होता, ते मी नाकारत नाही. पण श्रोत्याला शिस्त लावायला निघालं की श्रोता काटा फिरवतो. तो फिरला आणि कोलंबोवर जाऊन थांबला. तिथे १९५० पासून व्यापारी विभाग चालू होता, क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन माणसाने तो नेटाने वाढवला. ३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ हा सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून लहरींवर बसून परत आपल्या माजघरात यायच्या. म्हणजे दादर ते गिरगाव व्हाया कोलंबो! सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांनाच त्यांचा क्रम लावायला सांगत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी सांगत. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती काढली आणि गाणी घरी परतली.

पण तुझ्या कामाचं याच बेटावर पुढे घडलं, आणि त्याच्या आठवणी काढून इकडे कोणी उसासे टाकत नाही. महावेली नदीवर धरणं बांधली, गावं उठली, हजारो कुटुंबं नव्या वसाहतींत गेली. पार काश्मीरपर्यंत ऐकू जाणाऱ्या देशात या माणसांशी बोलायला नवा रेडिओ काढावा लागला, महावेली सामुदायिक रेडिओ. त्याची माणसं गावात मुक्कामाला जायची. आधी ओळखी, मग ध्वनिमुद्रण. त्यातूनच १९८९ मध्ये कोत्मले केंद्र निघालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी युनेस्कोच्या मदतीने तिथे इंटरनेट आलं, तेव्हा शेतकरी प्रश्न पाठवायचे आणि निवेदक जाणकाराला शेजारी बसवून उत्तर शोधून आपल्या भाषेत हवेत सोडायचे. पल्ला? तोही तसा छोटाच.

आता माझी फजिती सांगतो. रेडिओतल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी बायकांसाठी कार्यक्रम सुरू केला, दुपारी दोनला. घरकाम आटोपून त्या निवांत ऐकतील, हा माझा शहाणपणा. आषाढात एक कार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं: ‘दोन वाजता आम्ही चिखलात असतो, रेडिओ घरात असतो.’ लावणीचे दिवस! कार्यक्रम रात्री आठला नेला, तर पत्रांचा ढीग लागला. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तेव्हा पहिला महिना माइकला हात लावू नकोस. तुझ्या दहा किलोमीटरमध्ये किती वाड्या, लिलाव किती वाजता, एसटी कधी येते, वीज कधी जाते, कोणाच्या घरी अजून रेडिओ आहे आणि कोण मोबाइलवर ऐकतं, हे पायी फिरून वहीत लिही. गाऱ्हाणं घालणारे, ओव्या येणाऱ्या आजीबाई, होडी दुरुस्त करणारा, सगळ्यांची नावं घे. साहेब विचारतील कार्यक्रम कुठे आहे, तर वही दाखव.

बाकी सर्व क्षेम. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. माइकपुढे श्वासाचे फटके अडवणारा पॉप फिल्टर नसेल तर मोजा ताणून लाव. धुतलेला.