वाचकांचे प्रश्न : काळ्या जोडीच्या पोटी चॉकलेटी पिल्ले

प्रश्न : आमच्या परसात मस्कोव्ही बदकांचा एक काळा नर आणि दोन काळ्या माद्या आहेत. नर दोन वर्षांपूर्वी निपाणीच्या बाजारातून आणला. यंदा एका मादीने उबवलेल्या 11 पिल्लांपैकी 3 चॉकलेटी निघाली. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, ओढ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी नर येत असावा. शिवाय जुन्या मादीचे डोके दर वर्षी पिसे झडून नवी आली की अधिकच पांढरे दिसते. हा आजार आहे काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : शेजाऱ्यांचा संशय अशक्य नाही, परंतु घाईचा आहे. चॉकलेटी पिल्ले नर आहेत की माद्या, हे आधी पाहावे. माझ्या अंदाजाने तिन्ही माद्याच असतील.

पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मस्कोव्हीतील चॉकलेटी रंगाचे जनुक झेड गुणसूत्रावर असते आणि ते अप्रभावी असते. त्यामुळे एका झेडवर हे जनुक असलेला नर दिसायला निव्वळ काळाच राहतो. मादीकडे मात्र झेड एकच असल्याने जनुक आले की रंग उघड होतो, तिला तो लपवता येत नाही. तुमच्या नराची आई चॉकलेटी असेल, तर तिचे झेड त्याला मिळालेलेच आहे, आणि बाजारात नर निवडताना त्याची आई कोण पाहतो? असा नर काळ्या मादीशी जुळला की सरासरी निम्म्या लेकी चॉकलेटी आणि उरलेल्या काळ्या निघतात. मुलगे सगळे काळे असतात, कारण त्यांना आईकडून काळ्या रंगाचे झेड मिळतेच.

ओढ्यावरचा नर स्वतः चॉकलेटी असता, तर त्याच्यापासून झालेल्या सर्व लेकी चॉकलेटी निघाल्या असत्या. म्हणून 11 पिल्लांत माद्या एकूण किती, हे मोजा : माद्या पाच-सहा असून त्यांतल्या तीनच चॉकलेटी असतील, तर दोष ओढ्याचा नसून तुमच्याच नराच्या रक्तातला आहे, असे मानायला हरकत नाही. एकाच खेपेच्या अंड्यांना दोन नर लागू शकतात, एवढी शंका मात्र उरतेच. पिल्ले तीन महिन्यांची झाली की ओळख पटते. नर अंगाने स्पष्ट मोठे होतात (पूर्ण वाढलेला नर मादीच्या जवळजवळ दुप्पट भरतो) आणि त्यांचा आवाज फुसफुसल्यासारखा घोगरा असतो.

यातून एक सोय करून घेता येईल. पुढे चॉकलेटी नर मिळाला आणि तो काळ्या माद्यांना लावला, तर पिल्ले अंड्यातून बाहेर येताच तपकिरी ती मादी आणि काळा तो नर, अशी विभागणी होते. बापाला त्याच्याच लेकी लावून हा रंग वाढवण्याचा मोह होईल. तो टाळावा आणि नात्याबाहेरचा नर आणावा.

डोक्याबद्दल काळजी नको. काही मस्कोव्हींमध्ये डोके वयानुसार पांढरे होण्याचा गुण वंशातूनच येतो आणि तो प्रत्येक पीसगळीत थोडा थोडा पुढे सरकतो. पंखांवरचे पांढरे ठिगळही तसेच : लहानपणी ते नसते किंवा अगदी थोडे असते, वाढीनंतर भरते. अचानक एखाद्याच जागी पांढरे पीस उगवले, तर तिथे पूर्वी जखम झाली होती का, ते आठवून पाहावे. काळी पिसे तांबूस वाटू लागली, तर तो बहुधा उन्हाचा परिणाम असतो. नव्या पिसांत रंग परततो.

प्रश्न : आमची जोडी निळसर राखाडी आहे, पिल्ले मात्र काही काळी आणि काही फिकट रुपेरी का निघतात?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : निळसर रंगात काळा रंग फिका करणाऱ्या जनुकाची एकच प्रत असते, रुपेरीत दोन असतात आणि काळ्यात एकही नसते. अशा जोडीपासून सरासरी 4 पैकी 1 पिल्लू काळे, 2 निळसर आणि 1 रुपेरी होते. सगळीच निळसर हवी असतील, तर रुपेरी आणि काळे यांची जोडी लावा.