बौद्धिक अक्षमतेचा पाठ कुठून सुरू करावा?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगला मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. बौद्धिक अक्षमतेच्या पाठानंतर विद्यार्थिनींना बुद्ध्यांकाचे गट तोंडपाठ असतात, पण वॉर्डात असा रुग्ण आला की त्याच्याशी कोणी बोलत नाही. सगळं आईला विचारतात. पाठात काय बदलू?

उत्तर : तक्ता शेवटी घ्या. ५० ते ६९ सौम्य, ३५ ते ४९ मध्यम हे परीक्षेपुरतं दहा मिनिटांत होतं. वर्गात रंगवली जाते ती केस बहुधा तीव्र गटातली. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक सौम्य गटातले. त्यात हा पाठ मानसिक आजारांच्या रांगेत येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळली आहे, हे पहिल्याच तासाला सांगा.

मग केस द्या, तीही दुखण्याची : डाउन सिंड्रोम असलेला २४ वर्षांचा तरुण, दोन दिवस जेवत नाही, स्वतःच्या गालावर मारून घेतो. 'वागणूक बिघडली' असं लिहून शामक औषधाची वाट बघणारी कोणीतरी निघेलच. तिथेच पाठ थांबवा. दाढ, कान, पोट तपासायला लावा. शौचाला कधी झाली ते विचारायला लावा. नवं वागणं अक्षमतेच्या खाती टाकलं की खरं दुखणं नजरेतून निसटतं, आणि दुर्लक्षित बद्धकोष्ठता आतड्याच्या अडथळ्यापर्यंत जाऊ शकते. बोलता न येणाऱ्याच्या वेदनेसाठी फ्लॅक पट्टी शिकवा : चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २ गुण. आईला विचारायचं ते 'एरवी हा कसा असतो?' बाकी प्रश्न आधी त्यालाच, एका वेळी एक, आणि उत्तराला दहा सेकंद तरी द्यायचे.

विद्यार्थिनीला 'तसा' अभिनय मात्र करायला लावू नका. वर्ग हसतो नाहीतर हळहळतो. त्यापेक्षा बौद्धिक अक्षमता असलेल्या, कार्यशाळेत काम करणाऱ्या एखाद्या प्रौढ व्यक्तीला बोलवा, प्रश्न आधी कळवा आणि इतर पाहुण्यांसारखंच मानधन द्या.

प्रश्न : ब्रिटनमध्ये यासाठी नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे. तिथलं काय उचलता येईल?

उत्तर : 'हॉस्पिटल पासपोर्ट', म्हणजे रुग्णाची महत्त्वाची माहिती रंगांच्या भागांत लिहिलेला, त्याच्यासोबत ठेवायचा कागद. लाल भागात जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी : फिट्स, अ‍ॅलर्जी, गिळण्याचा त्रास. पिवळ्यात संवाद, शौच, झोप, हिरव्यात आवडीनिवडी. विद्यार्थिनींकडून तो रुग्णासोबत बसून मराठीत भरून घ्या. हा कागद फाइलीच्या तळाशी गेला की रात्रपाळीला कोणी बघत नाही. केसपेपरच्या वरच लावा.